पाठच्या भिंतीतली बाई

मुलांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं – यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. ऋता, तू लहानपणी सुट्टीत आलीस की शेजारच्या बायका मीठमोहऱ्या घेऊन तुझी दृष्ट काढायला यायच्या आणि मी त्यांना दारातूनच परत पाठवायचे, ते तुला आठवत असेल. तेव्हा आजी म्हातारपणी हळवी झाली असं कृपा करून कुणी म्हणू नका.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, "आजी, पाचवा महिना लागलाय. तुझ्या वेळचे अनुभव लिहून पाठव, टिप्स दे." पण माझ्या वेळचा अनुभव प्रामाणिकपणे लिहायचा तर हाच लिहावा लागतो. तुझ्या आईलाही तो अर्धाच ठाऊक आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तुमचे आजोबा तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत केमिस्ट होते. बोईसरहून बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला एका शेतकऱ्याने कंपन्यांतल्या लोकांना भाड्याने द्यायला बैठ्या खोल्यांची रांग बांधली होती. खोल्या पाठीला पाठ लावून. म्हणजे आमचं दार एका गल्लीत, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ज्यांचं स्वयंपाकघर, त्यांचं दार मागच्या गल्लीत. त्यांच्याकडे जायचं तर अख्ख्या रांगेला वळसा घालावा लागे. त्यामुळे पाठच्या बिऱ्हाडाची मला ऐकीव माहिती तेवढी होती – नवरा कापडाच्या मिलमध्ये, बायको मंजुळा, घिवलीच्या कोळ्यांची मुलगी, तीही माझ्यासारखीच पोटुशी. नळावर लांबून एकदा दिसली होती, बस.

माझी ही दुसरी खेप. पहिली आम्ही दादरला असताना सातव्या महिन्यात गेली. पोटातलं मूल हलेनासं झालं तेव्हा घरातल्या चार अनुभवी बायका म्हणाल्या, "विश्रांती घेतंय गं, असं होतं." त्यांच्यावर विसंबून आम्ही थांबलो, आणि मूल गेलं. तेव्हापासून मी ठरवलं होतं – या वेळी बायकांचे सल्ले बंद. पालघरच्या डॉक्टरीणबाई आणि माझं इंग्रजी पुस्तक, तिसरं कुणी नको. हे मूल मला हवं होतं. आणि पहिल्याबद्दल बोईसरमध्ये कुणालाही काही कळू द्यायचं नव्हतं.

पाचवा संपत आला होता. आजोबा कंपनीच्या बसने गेले की दिवसभर मी एकटी. एका सकाळी फळीवरचा रव्याचा डबा काढायला हात वर केला आणि भिंतीतून आवाज आला –

"हात वर नको करू गं. माकडीन हायस का?"

अगदी स्पष्ट. कानाशी उभं राहून बोलावं तसा. बाईचा आवाज, किनाऱ्यावरच्या गावांतली बोली. मी दचकले, मग संतापले. भिंत पातळ असणार, ही मंजुळा कान लावून बसलेली असणार, डबे वाजल्यावरून तिने ओळखलं असणार.

"तुमचं काम करा," मी भिंतीला म्हटलं.

"तुजं पोट हेच माजं काम."

मग हे रोजचं झालं. दुपारी आडवी झाले की – "डाव्या अंगावर! म्हशीवानी उताणी नको पडू." कॉफी केली की – "काळं पानी पी अजून, लेकराला पन कडू पाज." पुस्तक उघडलं की नुसती हसायची. "बुकातून जनायचं हाय का तुला?"

"बुकातून नाही. पण तुझ्यासारखीचं ऐकून तर मुळीच नाही."

"नको ऐकू. पोट तुजं, मरन पन तुजंच."

खोटं कशाला सांगू, मीही कमी पडत नव्हते. लग्नाआधी शाळेत शिकवून कमावलेला माझा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. सर्वांत चीड कशाची यायची सांगू का? डाव्या कुशीवर झोपावं हे माझ्या पुस्तकातही होतं. म्हणजे तिचं ऐकलं असं व्हायला नको म्हणून मी उजवीकडे वळायचे, आणि मग बाळासाठी मुकाट्याने डावीकडे. तेव्हा भिंतीतून "हूं" असं यायचं. त्या "हूं"वर मी एखादं पातेलं फेकलं असतं.

एके दिवशी दूध तापवत होते. ती म्हणाली, "एक घालवलंस. ह्ये तरी ठेव."

मी खाली बसले. दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी बसूनच होते.

संध्याकाळी आजोबांना धारेवर धरलं. "कंपनीत कुणाकुणाला सांगितलंत?"

"शपथ घेऊन सांगतो, कुणालाही नाही."

"मग त्या बाईला कसं कळलं?"

"तू नीट ऐकलंस का?"

"मी एम. ए. आहे, बहिरी नाही."

दोन दिवसांनी आजोबा घरी आले ते कान लाल करून. बसथांब्यावर मंजुळाच्या नवऱ्याला समजवायला गेले होते, तर त्यानेच यांना सुनावलं – "साहेब, तुमच्या मॅडमना आवरा. आमची बाईल रोज रडते. शिकलेल्या मानसानं असं टाकून बोलावं?"

"तू काय बोललीस तिला?" आजोबांनी मला विचारलं.

चोराच्या उलट्या बोंबा! मी दुसऱ्या दिवशी जाड गादी उचलून स्वयंपाकघराच्या त्या भिंतीला टेकवून ठेवली. गादीतून आवाज आला तसाच, तेवढाच. "गादी वाळत घातली काय? मुतलीस का?" – क्षमा करा मुलांनो, पण जसंच्या तसं लिहायचं ठरवलं आहे.

नववा नुकताच लागला होता. सकाळी पोळ्या लाटत होते.

"हललं का?" तिने विचारलं. नेहमीची टवाळी नव्हती. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

मी पोळी लाटत राहिले.

"कालपासून नाय हललं. तुला ठावं हाय. पोटावर हात ठेवायला घाबरते तू."

खरं होतं. आदल्या दुपारपासून मी पोटाला हात लावायचं टाळत होते. हात लावला आणि काही कळलं नाही तर...?

"रात्री हललं," मी म्हटलं.

"खोटारडी. गेल्या टायमाला पन असंच बोलली व्हतीस."

मी तशीच उठले. स्टोव्ह बंद केला एवढं भान होतं. रांगेला वळसा घालून, धापा टाकत मागच्या गल्लीत गेले आणि तिचं दार बडवलं. हातात लाटणं तसंच होतं हे दार वाजवताना कळलं.

दार उघडलं. विशीतली पोर. तोंड इतकं सुजलेलं की डोळ्यांच्या फटी झालेल्या. पावलं पावासारखी फुगलेली. मी तोंड उघडायच्या आत ती कडाडली –

"आता मारायला पन आल्या? भिंतीतून बोलून पोट नाय भरलं तुमचं?"

"मी बोलते? तू बोलतेस!"

"आमी? आमी कवा बोललो तुमच्याशी? तुमीच रोज चालू – मूर्ख मुली, अडाणी मुली, तुला हायजीन नाही... ते हायजीन काय असते, मला ठावं पन नाय! आनि आज सकाळी काय बोललात? 'तुझे पाय सुजलेत. डोळ्यांसमोर ठिणग्या उडतात. सासूपासून लपवतेस. फिट येऊन मरशील आणि मुलालाही मारशील. ताबडतोब डॉक्टर गाठ.' असं बोलते कोनी पोटुशीला? लाज नाय वाटत?"

ती माझी नक्कल करत होती. आणि नक्कल हुबेहूब होती. "ताबडतोब" हा शब्द मी जसा तोडून म्हणते तसाच. पण यातलं एक अक्षरही मी तिला कधी बोलले नव्हते. तिचे पाय मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहत होते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. ती भांडतानाही मला "तुमी" म्हणत होती. भिंतीतल्या बाईने मला "तू"शिवाय हाक मारली नव्हती.

"ठिणग्या खरंच उडतात का?" मी विचारलं.

तिचा आवाज उतरला. मग हळूच म्हणाली, "उडतात. डोकं पन फुटते." आणि मग, "मी काय बोलली तुमाला?"

"मूल हलत नाही म्हणून."

"हलते?"

 तिने माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, उंबऱ्यात ठेवलं आणि आपला तळवा माझ्या पोटावर दाबून धरला. बराच वेळ. तिचा चेहरा मी पाहत होते.

"चला," ती म्हणाली.

तिची सासू मासळी घेऊन वाणगावला गेलेली, दोघींचे नवरे कामावर. कोपऱ्यावर बर्फ वाहणारा एक टेम्पो उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "सवारी नहीं लेता." मंजुळा त्याच्या अंगावर ओरडली, "सवारी नाय रे, दोन पोटं हायत! दिसत नाय का डोल्यानी?" त्याला मराठी येत होतं की नाही कोण जाणे, पण त्याने दार उघडलं.

पालघरपर्यंत आम्ही भांडलो. "कबूल करा." "तू कबूल कर." "देवाची शपथ घ्या." "माझा देवावर विश्वास नाही." "मग कोनावर हाय?" शेवटी ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "अम्मा लोग, दवाखाने में जा के लड़ो ना." आता वाटतं, भांडत होतो म्हणूनच मी त्या रस्त्यावर कोसळले नाही. गप्प बसले असते तर पोटातली शांतता ऐकू आली असती.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाला नळी लावली. ठोके होते, पण फार मंद. दुपारच्या आत ऑपरेशन झालं. तुझी आई निळसर जन्मली, ऋता. रडायला तिने इतका वेळ लावला की तो वेळ मी अजून विसरलेले नाही. मग रडली.

मंजुळाचं ब्लडप्रेशर त्यांनी दोनदा मोजलं, कारण पहिला आकडा त्यांना खरा वाटेना. तिलाही दाखल करून घेतलं. दोन दिवसांनी तिला मुलगा झाला. किडकिडीत, पण जिवंत.

"एक दिवस उशीर झाला असता तर मी दोघींबद्दल काही सांगू शकले नसते," डॉक्टरीणबाई वॉर्डात म्हणाल्या. "वेळेवर यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. तेही प्रेमाने नाही – आरोपीकडे दाखवावं तसं.

सव्वा महिना झाल्यावर मंजुळा बाळ घेऊन वळसा घालून माझ्या दारात आली. म्हणाली, "एकदा सोक्षमोक्ष लावू. मी माज्या घरात जाते. तुमी हितून बोला, मंग मी बोलते." ठीक आहे म्हटलं. ती गेली. मी भिंतीला तोंड लावलं आणि आयुष्यात कधी उच्चारली नव्हती अशी शिवी तिला पूर्ण आवाजात हासडली. ऐकू आली तर तिच्या तोंडावर दिसणारच. मग कान लावून बसले. काही नाही. भिंतीचा गारवा तेवढा.

जरा वेळाने ती पुन्हा दारात. "बोला की! का घाबरल्या?"

"मी बोलले. घसा बसेपर्यंत."

"मला काय बी नाय आलं. मी पन बोलली."

"मलाही नाही आलं."

"काय बोललात?" तिने विचारलं.

"बाळाचं नाव काय ठेवणार, ते विचारलं. तू?"

"मी पन तेच," ती म्हणाली, आणि नजर दुसरीकडे वळवली.

घरमालकाला विचारलं तेव्हा तो अभिमानाने म्हणाला की पाठची भिंत एक नाहीच. दोन आहेत, मध्ये दगडमाती भरलेली – एका बिऱ्हाडाचं बोलणं दुसऱ्याला जाऊन कटकटी होऊ नयेत म्हणून मुद्दाम.

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. पुढे मंजुळाच्या नवऱ्याने काम सोडलं आणि ती घिवलीला गेली. निघताना म्हणाली, "आता तरी खरं बोला बाई. तुमीच ना?" मी म्हटलं, "तूच ना?" एवढंच आमचं निरोपाचं बोलणं. मैत्री झाली असं लिहायला बरं वाटलं असतं. झाली नाही.

आजोबांचं म्हणणं होतं की ते माझंच मन बोलत होतं. माझं मूल हलत नाही हे माझ्या मनाला कळलं असेल, मान्य. पण मंजुळाचे पाय माझ्या मनाला कसे दिसले? आणि घिवलीच्या त्या पोरीच्या कानात "हायजीन" कुणी घातलं? कुणी म्हणालं देवी, कुणी म्हणालं पूर्वज. मला पटत नाही. जिला आमची माया असती ती "एक घालवलंस" असं म्हणाली नसती. पण जिला आमचं वाईट व्हावं असं वाटत असतं, ती नुसती गप्प बसली असती तरी पुरलं असतं. इथपर्यंत येते आणि माझा तर्क थांबतो. इतक्या वर्षांत एक पाऊलही पुढे गेलेला नाही.

ऋता, टिप्स मागितल्या होत्यास. बाळाची हालचाल कमी वाटली तर कुणी काही म्हणो, पुस्तक काही म्हणो, तडक उठून दवाखान्यात जायचं. पाय सुजले, डोळ्यांपुढे काही चमकलं, तरी तेच. सांगणारी व्यक्ती तुला आवडली पाहिजे अशी अट नाही.

त्या बाईचे आभार मी अजून मानलेले नाहीत. कधी समोर आली तर आधी भांडेन.