शपथ घेतली आणि तोंड आलं

महिपती मूळचा वैरागचा. पण उभी हयात सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलण्यात गेली. पाठीवर पोतं नसलं तरी ओठात तंबाखू असायचीच. पाडव्याला लेकीनं, वैष्णवीनं, हट्ट धरला, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं तंबाखू सोडली. आणि खरंच सोडली, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्या घरात कुणी ऐकून घेत नाही.

तंबाखू सुटली आणि तोंड आलं. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरे फोड, भोवती लालभडक. शेंगाचटणीचा घास घेतला की डोळ्यांतून पाणी. बायको, वैजयंती, बघतच होती.

"चोरून खाताय की तुमी."

"न्हाय गं. पोरीची शपथ हाय."

"मग तोंड कशानं आलं?"

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. साधे फोड आहेत, म्हणाले. तंबाखू सोडल्यावर काहींना येतात, आठ-पंधरा दिवसांत आपोआप भरतात. तीन आठवड्यांवर राहिले तर मात्र परत या. महिपती जवळजवळ पळतच घरी आला.

"खाल्ल्यानं न्हाय, सोडल्यानं आलंय!"

वैजयंती हसली. "इतकी वर्सं खाताना आलं न्हाय, आन् सोडल्यावर आलं व्हय? लई शाना डॉक्टर हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिनं त्याचे खिसे तपासले, उशी झटकली. तेही त्यानं सोसलं असतं. पण वैष्णवीला ताप भरला आणि शपथ मोडल्यानंच भरला, असं घरात ठरून गेलं. अंथरुणातून पोरगी म्हणाली, "आप्पा, खरं सांगा. मी रागावनार न्हाय." तो खरंच सांगत होता. याहून वेगळं खरं आणायचं कुठून?

ताप उतरला, संशय काही उतरला नाही. एका दुपारी यार्डात बसू नावाच्या हमालानं मळलेली तंबाखू पुढं केली. खाल्ली तरी चोर, न खाल्ली तरी चोर. महिपतीनं चिमूट उचलून ओठात टाकली.

त्याच आठवड्यात फोड भरले. ते तसेही भरणारच होते. रात्री तो चटणी-भाकरी मजेत खाताना बघून वैजयंतीचा चेहरा खुलला. "सोडली न्हवं अखेर? बघा, तोंड कसं सुदारलं!"

वैष्णवी त्याला बिलगून बसली. "आता मला पटलं, आप्पा. तुमी खोटं बोलत न्हाय."

महिपतीनं हातातला घास परत ताटात ठेवला.