साडूभाऊंनी पिंट्याला वास शिकवला

कुत्र्याला वास घ्यायला शिकवण्यासाठी स्वतः गवतात रांगणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. मोठे साडू. बुकित तिमाहला बागेचं घर, आयटीत मॅनेजर. मी तुआसला वर्कशॉपमध्ये फिटर. शाळेने मला आणि मी शाळेला लवकरच सोडलं. बायका सख्ख्या बहिणी म्हणून नातं, नाहीतर त्यांच्या गेटवरची बेल दाबायची माझी हिंमत नव्हती.

लेक शिकायला लांब गेली, घर गप्प झालं, तेव्हा साडूभाऊंनी पॉइंटर जातीचं पिल्लू आणलं. या जातीला पक्ष्याचा वास लागला की ते भुंकत नाही. एक पाय उचलून, शेपूट ताठ करून पुतळ्यासारखं थांबतं. आमच्या पिंट्याला वास कळायचा फक्त ताईंच्या चपलांचा. आणखी एक जोड फाडल्यावर ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, म्हणाल्या, "गणपतीपर्यंत याने एक तरी काम धड करून दाखवावं. नाहीतर जाऊ दे मलेशियात, जोहोरला, तुमच्या मित्राच्या शेतावर." साडूभाऊ हसले, पण घास हातातच राहिला.

मग क्लास सुरू. पिंट्याच्या नाकाला त्रास नको म्हणून साडूभाऊंनी सेंट लावणं सोडलं, आणि रविवारी सकाळी घरात हिंगाची फोडणी बंद. पिंट्या बसून बघायचा आणि हे रांगत झुडपापर्यंत जायचे, नाकपुड्या फुगवायचे, एक हात उचलून स्तब्ध! शेजारच्या चिनी आजींनी कुंपणावरून मला विचारलं, "युअर ब्रदर ओके ऑर नॉट?" मी म्हटलं, "ओके, ओके. डॉग ट्रेनिंग." त्या म्हणाल्या, "देन डॉग व्हाय सिटिंग, लाह?"

झुडपात लपवायची पिसं पुरवायचं काम माझं. आमच्या वर्कशॉपच्या पत्र्यावर कबुतरं बसतात. पण ताईंचं सोवळं कडक. धड्यापुरतं पीस बागेत चालेल, नंतर घरात, कपाटात, डब्यात कुठेही नाही. तोडगा मी काढला. आयुष्यात डोकं चालवलं ते एवढंच. पिसं कायम माझ्या पँटच्या खिशात. घामाच्या, ग्रीसच्या. पिंट्या आठवड्याआठवड्याला हुशार होत गेला आणि साडूभाऊ मला मिठी मारायचे तेवढे बाकी राहिले.

परीक्षा ताईंनी घेतली. त्या दिवसासाठी साडूभाऊंनी रस्त्यावरचं ताजं पीस चिमट्याने उचलून आणलं, जास्वंदीखाली लपवलं. मी लांब, गेटपाशी. पिंट्या सुटला. जास्वंदीवरून असा गेला की तिथे काही नाहीच, आणि माझ्यासमोर येऊन थबकला. पाय वर, शेपूट ताठ, अंग थरथरतंय. जन्मात माझ्याकडे कुणी एवढ्या आदराने बघितलं नव्हतं. लग्नात बायकोनेही नाही.

"जावईबापू," ताई म्हणाल्या, "तुम्ही कबूतर कधीपासून झालात?"

साडूभाऊ पायरीवर मटकन बसले. गणपती तोंडावर आलेले. पिंट्या मात्र हलेना. साडूभाऊ पाठीवर हात ठेवून शाब्बास म्हणेपर्यंत हलायचं नाही, हे त्याला शिकवलेलं. माझ्या पायावर मुंग्या चढल्या, तरी मीही हललो नाही. म्हटलं, पोराच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

शेवटी साडूभाऊ आले, गुडघ्यावर बसले. "याचं काही चुकलं नाही गं," ताईंना म्हणाले, "मीच भलता पक्षी शिकवला. पाठवायचं तर पाठव, पण नापास म्हणून नको." पाठीवर हात ठेवला. "शाब्बास, बाळा."

ताई त्या दोघांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाक चांगलंय त्याचं. मास्तर आणि सप्लायर बदला."

मास्तर दुसरा मिळाला नाही. सप्लायर लगेच बदलला. पिंट्या राहिला. पण माझा वास त्याच्या डोक्यातून जाईपर्यंत मला गेटच्या आत बंदी. रविवारी पाय तिकडेच वळतात, म्हणून जातो आणि समोरच्या बसस्टॉपवर बसतो. वारा माझ्याकडून बागेकडे असला तर पुढच्या स्टॉपवर. भिंतीपलीकडून साडूभाऊंचा आवाज येतो, "थांब." मग कितीतरी वेळ काहीच नाही. तेवढा वेळ मीही इथे श्वास धरून बसतो. मग भिंतीमागून "शाब्बास" ऐकू येतं, म्हणजे कुणीतरी पास झालं, आणि मी उठून परतीची बस बघतो.