इंजिनिअर गवत कापायला जातो

तिहोमिरच्या घरी बाप नव्हता, बैल नव्हता, आणि डोंगरउताराच्या तुकड्यात दगडच इतके पिकत की बटाट्यांना जागा उरत नसे. आई, स्टानॉय्का, गावातल्या प्रत्येक इर्जिकीला जाई. एकाच्या शेतावर साऱ्यांनी राबायचं, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पुढं ज्याच्या त्याच्या शेतावर राबून फेड करायची. मजुरीचं नाव काढलं तर भांडण. तिहोमिरचं अर्धं बालपण असल्या पंगतींवर पोसलं गेलं.

शाळा दोन तासांच्या चालीवर. पुढं क्रागुयेवाट्स शहरात जाऊन तो इंजिनिअर झाला, अकरा वर्षं कारखान्यात राबला, आणि कारखानाच बंद पडला. मग गावी येऊन त्यानं शेळ्यांच्या गोठ्यात रास्पबेरी निवडणारी यंत्रं बनवायला घेतली. शेळ्यांचं मत कुणी विचारलं नाही.

दोन छोटी यंत्रं खपली. मग खोऱ्यातल्या शीतगृहानं फळं निवडणारे सरकते पट्टे मागवले, एकदम चार. रास्पबेरीच्या पहिल्या तोडणीच्या आत हवेत, नाहीतर मागणी रद्द. आणि तिहोमिरकडे कामगार दोन. सगळं पोलाद त्यानं कर्ज काढून आणलं होतं.

"इर्जिक घाल," आई म्हणाली.

चौदा माणसं आली, आणि पट्टे पुरे होईपर्यंत येत राहायचं ठरलं. कोकरू भाजलं. शेजारच्या रादिसावकाकांनी नट असे आवळले की ते सोडवायला नवा इंजिनिअर लागावा.

दोन दिवसांनी रादिसावकाकांच्या गवताची पाळी आली. तिहोमिरनं इंजिनिअरासारखा विचार केला: आपण विळा मारणार दिवसभर, ट्रॅक्टर तेवढंच कापणार तासाभरात. त्यानं भाड्याचा ट्रॅक्टर पाठवला आणि स्वतः वेल्डिंग करत बसला.

दुसऱ्या दिवशी दोन कामगार सोडले तर गोठ्यात चिटपाखरू नाही.

"आई, लोक कुठायत?"

"रादिसाव कालपासून तोंड फुगवून बसलाय. बाकीचे त्याच्या बाजूनं."

"पण गवत कापलं ना?"

"गवत कापलं रे. तू कुठं होतास?"

तोडणीला नऊ दिवस होते. तिहोमिरनं लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकला. काकांच्या कुरणाच्या वरच्या तुकड्यातलं गवत अजून उभं होतं. तिथं ट्रॅक्टर चढत नाही.

"या, साहेब!" रादिसावकाका कुंपणावरून म्हणाले. "ट्रॅक्टरला पडसं झालं वाटतं?"

"काका, टोमणे मागून मारा. आधी धार लावायला दगड द्या."

"धर. आणि पाय सांभाळ. अख्ख्या गावात इंजिनिअर एकच आहे."

दुपारपर्यंत तळहातांवरचे फोड फुटले. निम्मं गाव कुंपणाला टेकून मजा बघत होतं. प्रत्येक फटक्याला तिहोमिरला गोठ्यातले अर्धवट पट्टे दिसत होते, पण त्यानं विळा खाली ठेवला नाही. राहिलेले झुबके मागून येऊन काकांनी कापले.

संध्याकाळी काका कुरणाकडे बघत म्हणाले, "गवत कापलंस की न्हाव्याचं शिक्षण घेतलंस?"

"काका..."

"उद्या किती माणसं हवीत?"

"येतील तितकी."

"येतील. आणि आईला सांग, मागच्या खेपेला कोकरात मीठ कमी होतं."

तोडणीच्या आदल्या दिवशी चारही पट्टे शीतगृहात फिरत होते.

आज तिहोमिरकडे साठ माणसं आहेत, रीतसर पगारावर. गवतकापणीच्या आठवड्यात मात्र कारखान्याला टाळं असतं. परदेशी ग्राहकांना हे कारण पटत नाही. यंत्र वेळेवर पोचतं, म्हणून ते गप्प बसतात.