रिपोर्टच्या आधी

"आधी बसा," डॉक्टरबाई म्हणायच्या, आणि समोरचा बसेपर्यंत पुढे बोलत नसत. मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा प्राण्यांचा दवाखाना होता. खुर्च्या चारच, त्यांतल्या दोनांवर कायम कुणाच्या तरी मांजराची टोपली. बाई स्वतः टोपली उचलून खाली ठेवत, माणूस टेकला की मगच त्याच्या प्राण्याला काय झालंय ते सांगत.

तुमच्यापैकी ज्यांनी घरात कुत्रं-मांजर पाळलंय त्यांना ठाऊक असेल, या डॉक्टरांचं निम्मं काम माणसांशी असतं. प्राणी काही विचारत नाही. विचारतो आपण, आणि एकच प्रश्न चार वेळा.

व्हॉट्सॲप आल्यावर बाईंनी ते मनापासून स्वीकारलं. टाइप करायचा मात्र कंटाळा, म्हणून त्या बोलून मेसेज पाठवायच्या. सुरुवात तीच. आमच्या मजल्यावरच्या कांबळेंनी एकदा बसमध्ये उभ्यानं "आधी बसा" ऐकलं आणि तिथेच मेसेज थांबवून उलट कळवलं, "मॅडम, गर्दी आहे. जागा मिळाली की पुढचं ऐकतो." बाईंचं उत्तर आलं, "उभ्यानं ऐकलंत तरी चालेल. बोका जेवलाय."

मी एका कंपनीत हिशेब बघतो, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या चटकन लक्षात येतात. बोललेला मेसेज किती लांबीचा आहे ते ऐकण्याआधीच दिसतं. बाईंचा छोटा मेसेज म्हणजे सगळं ठीक, मोठा म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे आम्ही सगळ्यांनी ताडलं होतं. मी एकदा त्यांना तसं बोलून दाखवलं.

"म्हणजे ऐकायच्या आधीच लोक घाबरतात?"

"घाबरतात. काही जण तर ऐकतच नाहीत, बायकोला ऐकायला देतात."

त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. पण तेव्हापासून त्यांचे चांगले मेसेजही लांबायला लागले. आमच्या खारीचं पोट ताळ्यावर आलं, एवढं सांगायला त्यांनी बाजारात बांगडा किती ताजा आलाय ते सांगितलं, नाशिकला दिलेल्या मुलीच्या घरी पाणी किती वेळ येतं ते सांगितलं, आणि मग "औषध बंद करा" म्हणाल्या. बायको वैतागली. "या बाईंना एवढा वेळ मिळतो कुठून?" मी कारण सांगितल्यावर तिनं तोच मेसेज पुन्हा लावला.

खारी ही आमची कुत्री. वॉचमनच्या चहातली खारी खात गेटपाशी वाढली, म्हणून हे नाव. वर आली ती बायकोच्या मागोमाग आणि राहिली ती बायकोचीच. माझ्याकडे सकाळी फिरवण्याचं काम होतं.

रक्ताचे नमुने बाहेरच्या लॅबमध्ये जायचे. पूर्वी रिपोर्टचा कागद बाईंकडे यायचा, त्या वाचायच्या आणि फोन करून बोलवायच्या. यात कधी दिवस मोडायचा आणि लोक कुरकुरायचे. मग लॅबनं नवी सोय केली. रिपोर्ट तयार झाला की त्याच क्षणी डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या मोबाइलवर. मला हे पटलं होतं. प्राणी आपला, तर रिपोर्टही आपल्याला वेळेवर मिळायला हवा. आजही मला त्यात गैर काही सापडत नाही.

बाईंनी लॅबला फोन केला तेव्हा मी समोरच होतो. हातात मोजे असल्यामुळे फोन स्पीकरवर होता.

"मला अर्धा तास आधी द्या हो. तेवढंच मागतेय."

"मॅडम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही."

"मग कुणाला तरी हातानं पाठवायला सांगा."

"त्या कामाला आता माणूस नाही ना, मॅडम."

मग त्या प्रत्येकाला बजावू लागल्या, "रिपोर्ट आला तरी उघडू नका. मी सांगेन." सगळे हो म्हणत आणि सगळे उघडत. बाईंना ते माहीत होतं. "माझा कुत्रा असता तर मीपण उघडला असता," त्या म्हणायच्या.

खारीनं खाणं सोडलं. बाईंनी रक्त घेतलं, आणि बायकोला पुन्हा तेच बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पवईला ऑफिसात असताना रिपोर्ट आला. तीन ओळी लाल. एकीत क्रिएटिनिन, शेजारी ते किती असावं तो आकडा. मी सवयीनं भागाकार केला. सहापट. भागाकार बरोबर होता आणि पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन. तिच्या मोबाइलवरही रिपोर्ट गेला होता.

"अहो, लाल म्हणजे वाईटच ना?"

"डॉक्टरांचा फोन येईल. थांब जरा."

"तुम्हाला आकडे कळतात ना? मग सांगा की."

"जास्त आहे."

"किती जास्त?"

"बरंच."

पलीकडून खारी पाणी पीत असल्याचा आवाज येत होता. पुष्कळ वेळ येत होता.

रिक्षा करून घरी पोचलो तर दार उघडं, आणि डॉक्टरबाई आत. अंगात ऑपरेशनचा हिरवा झगा तसाच. मांजराला टाके घालून होताच त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि फोन न करता सरळ चालत आल्या होत्या. पण तोवर बायकोनं मोबाइलवर शोधून सगळं वाचलं होतं. ती खारीजवळ जमिनीवर बसली होती. बाईही शेजारी बसल्या.

"किडन्या गेल्यात ना?" बायकोनंच विचारलं. "सलाइन लावून किती दिवस निघतात?"

"लावू. लावून बघू."

"पण उपयोग नाही ना?"

बाईंनी मान हलवली. "मला उशीर झाला."

"तुमची काय चूक, डॉक्टर?"

"चूक नाही गं. पण उशीर झाला." मग त्या खारीकडे वळल्या. प्राण्यांशी त्या मालवणीत बोलायच्या. "काय गो बाये, खंय दुखता तुका?" खारीनं शेपूट एकदा आपटलं.

खारी पुढे आठवडाभर होती. वर्षभरानं बाईंनी दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांना दिला आणि त्या मुलीकडे राहायला गेल्या. नव्या दवाखान्याचे मेसेज वेळेवर येतात, कांबळेंचा बोका तिथेच जातो, कुणाची तक्रार नाही.

मला बाई दिसतात त्या खारीचा रिपोर्ट आला त्या दुपारच्या. जिना उतरतानाच त्यांचा मोबाइल वाजला. मी गॅलरीत आलो. त्या खाली गेटपाशी थांबून स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांनी नंबर लावला, फोन कानाला धरला, खाली घेतला, पुन्हा लावला. पलीकडचा माणूस आपल्या प्राण्याचा रिपोर्ट उघडून आधीच दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असणार. तिसऱ्यांदा लावला, आणि फोन कानाला तसाच धरून त्या हिरव्या झग्यात भराभर चालू लागल्या. दवाखान्याच्या दिशेनं नाही, उलट्या बाजूला.