कुंचल्याच्या दांडीचा विटाळ

अपमान झाला तो माझा. मी मेडशीच्या महारवाड्यातला, वय एकोणीस. कधी झाला? यंदा दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठला, वाशीमच्या चित्रकलेच्या वर्गात. वार विसरायचा नसतो. करणारे विसरतात.

मी विचारलं होतं, "मास्तर, तेलाले विटाळ नाही म्हनता, मंग माह्या हातातला कुंचला तुमी काहून घेत नाही?"

मास्तर हसले. "तेलाला नाही रे. पण दांडीला तुझा घाम लागतो. घाम म्हणजे पाणीच."

"चिमट्यानं धरा न मास्तर!" मागून एक जण. अख्खा वर्ग खिदळला.

आता तेलाचं सांगतो. बाकी सगळे जलरंग शिकतात. मध्ये पाण्याचं एकच घंगाळ, सगळ्यांचे कुंचले त्यात. मी नाव घातलं त्या दिवशी मास्तरांनी एकदा घंगाळाकडं बघितलं, मग म्हणाले, "तू तैलरंगच शीक. जवसाच्या तेलात." मला वाटलं, माझ्यात काही दिसलं यांना. गावी कळवलंसुद्धा. मूर्ख! त्यांनी त्यांचं पाणी वाचवलं होतं.

चित्र आमच्या मेडशीच्या डोंगराचं. त्याच्यावरून मी गवताचे भारे वाहिलेत, त्याची घळ न घळ मला पाठ. पण कापडावर तो मागं हटेना. शेताच्या बांधावरच बसकण मारायचा. खरवडायचं, पुन्हा लावायचं. हिरव्यात निळा घातला की चिखल. तेल जास्त झालं की ओघळ. दोन महिने हेच! दुसऱ्यांचं चुकलं की मास्तर त्यांचा हात धरून फिरवत. मला सहा हातांवरून नुसते शब्द. "दूर ने त्याला. दूर ने." कसा नेऊ? शब्दांनी डोंगर हलतो?

त्या सोमवारी हसून झाल्यावर मास्तरांनी तोड काढली. मी दांडी राखेनं घासायची, उन्हात वाळत ठेवायची, बाजूला व्हायचं. मग ते उचलतील.

आणि मी ते केलं. लिहायला लाज वाटते, पण केलं. शिकायचं होतं मला.

मास्तरांनी कुंचला उचलला. फिकट जांभळ्याचे तीन फटकारे माथ्यावर. डोंगर गेला मागं! डोळ्यांदेखत. इतकं सोपं होतं, आणि दोन महिने ते माझ्यापासून दाबून ठेवलं होतं.

मग त्यांनी कुंचला माझ्या पायांशी फेकला. "उचल."

"तुमी फेकला, तुमीच उचला."

"माजलास?"

"शिकलो, मास्तर."

मी रंग खरवडायची सुरी घेतली आणि ते तीन फटकारे सगळ्यांसमोर खरवडून टाकले. असलं शिक्षण मला नको.

वर्ग सोडलेला नाही. रोज जातो, पहिल्या रांगेत बसतो, हाकलतील तरी उठणार नाही. दांडीला राख पुन्हा लागणार नाही.

वाशीमकरहो, तुमची पोरं माझ्या शेजारी बसतात, तीच खिदळली. "अरेरे" म्हणून हा कागद घडी घालू नका. उद्या आठला वर्गात या. मास्तरांना माझ्यादेखत सांगा, याच्या हातातून कुंचला घ्या. तोंड उघडणार नसाल, तर आपली पोरं घरी न्या आणि वर्गाला कुलूप लावा. दोन्हीतलं एक. उद्याच.