तंबूतली व्हिएन्ना

काल माळ्यावरून हिची पत्र्याची ट्रंक खाली काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट भोरच्या सिनेमाच्या तंबूत जाऊन बसलो.

तेव्हा सिनेमे मुके होते. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मराठीत ओरडून सांगायला एक मास्तर लागे, आणि तो मान माझा. त्या दिवशीचा सिनेमा व्हिएन्नाच्या एका लेखकाच्या कादंबरीवरून काढलेला. कादंबरी मी वाचलेली, त्यामुळे शेवटची पाटी यायच्या आधीच मी ऐटीत गरजलो, "बाई घर सोडून गेली, ती कायमचीच!"

बायकांच्या बाजूला ही बसली होती. सकाळीच आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि आंबवड्याला माहेरी जायला हिची ट्रंक भरून तयार होती.

तेवढ्यात पडद्यावर ती बाई पुन्हा दारात उभी! विंझरचा एक शेतकरी ओरडला, "मास्तर, ही तर माघारी आली की वो!" तंबूभर हशा.

घरी येताना हिनं विचारलं, "अहो, मग खरं कुणाचं धरायचं? पुस्तकाचं का सिनेमाचं?"

सिनेमावाले कादंबऱ्यांची पार वाट लावतात, हे मी हिला रोज ऐकवायचो.

"सिनेमाचं," मी म्हणालो.

ही गेली, आणि आठ दिवसांनी ट्रंकेसकट माघारी आली. व्हिएन्नाच्या त्या लेखकाची मी अजून मनातल्या मनात माफी मागतो.