सोललेले गाल आणि पहिली हळद

दहावीच्या वर्षी मला कांजिण्या आल्या आणि जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेल्या. पुढे त्या खड्ड्यांसकट माझं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, हळूहळू सुपरवायझर झाले. या सगळ्यात चेहऱ्याकडे बघायला सवड कुठे होती, असं मी लोकांना सांगत असे. खोटं होतं ते. रोज बघायचे आणि रोज चिडायचे.

मुलगी नोकरीला लागली तेव्हा मी उल्हासनगरच्या एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून गाल न्याहाळले. "डर्माब्रेजन करावं लागेल. वरची कातडी घासून काढायची, खालून नवी येते. पण सगळे खड्डे नाही जाणार हां, उथळ होतील. घर में शादी है क्या?"

मुलीचं ठरलंय, पण अजून बरंच लांब आहे, असं मी सांगितलं. "आणि हे लग्नासाठी नाही. माझ्यासाठी आहे."

आमच्या बेलवली गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. माझी मोठी जाऊ शेजारच्याच इमारतीत राहते. ती चहाला आली आणि बसता बसताच म्हणाली, "आता कोनाला दाखवायचंय गो ह्ये तोंड?" नवरा नसलेल्या बाईने गाल कशाला गुळगुळीत करायचे, असं तिला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आरशाला." तिने चहा अर्धाच ठेवला.

गाल बधिर करून डॉक्टरीणबाईंनी छोटं फिरतं चाक लावलं. दुखलं नाही, पण सुताराने फळी घासावी तसा आवाज थेट दातांत शिरत होता. घरी आले ती पट्ट्या लावूनच. गालांतून पाणी सुटायचं, खपल्या धरायच्या, उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागायचं. खपल्या पडल्यावर खालून लालबुंद, कोवळी कातडी निघाली. ऊन नको, दिलेल्या मलमाशिवाय काही लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

नेमकी तेव्हाच व्याह्यांनी लग्नाची तारीख अलीकडे आणली. त्यांच्या घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत कार्य व्हावं म्हणून. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अख्खी गल्ली पिवळी होते. पण नवरीला पहिली हळद सवाष्णी लावतात आणि विधवा आई मागे, चुलीकडे उभी राहते. तिला कोणी हाकलत नाही, तिचं तिनेच समजून जायचं असतं. नवरा गेल्यापासून घरातल्या प्रत्येक हळदीला मी मागे उभी राहून भजी तळली होती. पण ही माझी मुलगी होती. तिला पहिली हळद मीच लावणार, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मांडवात सगळे माझ्या लाल चेहऱ्याकडे बघत होते. तोंडावर पदर मी मुद्दामच घेतला नाही. हळदीची वाटी जाऊबाईंच्या हातात होती. मी पुढे झाले तशी ती गोड आवाजात म्हणाली, "तू लांबच ऱ्हा गो. तोंड सोललंय तुझं, हळद उडली तर झोंबल."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं खरं कारण निदान सगळ्यांना ठाऊक होतं. आता माझ्या गालांनी त्यांची सोय करून दिली होती.

"वहिनी, गाल सोललेत," मी म्हटलं. "हात धडधाकट आहेत."

तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. पाटावरच्या माझ्या मुलीने माझ्याकडे तोंड वळवलं आणि डोळे मिटून घेतले. मी वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या कपाळाला, गालांना हळद लावली, सावकाश, कसलीही घाई न करता. मग तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि कोपरापर्यंत माखले. गालांना मात्र मी थेंबही लागू दिला नाही. डॉक्टरीणबाईंची ताकीद मला पाळायची होती, जाऊबाईंची नाही.

सुट्टी संपवून कामावर गेले तेव्हा गाल गुलाबी होते आणि नखं पिवळी. पॅकिंगच्या टेबलावरच्या एकीने विचारलं, "मॅडम, हे काय करून घेतलंत?" ती गालांबद्दल विचारतेय की नखांबद्दल, हे मी विचारलं नाही.

"मला हवं होतं ते," म्हटलं आणि पुढचा खोका ओढला.